उन्हाचं टाइमटेबल

शाळेतच न जाणाऱ्या मुलांचा मे महिना कसा असतो? पुण्याचे क्लास, चार्ट आणि अ‍ॅप बाजूला ठेवून आजोळी आलेल्या दोन मुलांसोबत मारेगावात काढलेले आठ दिवस...

“मावशी, सुट्टी लागते म्हणजे नेमकं काय होतं गं?”

प्रश्न विचारणारा आठ वर्षांचा आहे. गच्चीवर बाजेवर उताणा पडलाय, पाय कठड्यावर. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, पण भिंतीला हात लावला तर अजून चटका बसतो. शाळा सुटते, बाई येत नाहीत, गृहपाठ नसतो, असं मी त्याला सांगायला लागले आणि मध्येच थांबले. कारण हा पठ्ठ्या आयुष्यात शाळेत गेलेलाच नाही. ज्याला सोमवार नसतो, त्याला रविवारची काय मजा कळणार?

माझ्या मामेबहिणीची ही मुलं. थोरली तेरा वर्षांची, धाकटा आठचा. थोरली दुसरीपर्यंत पुण्यातल्या एका शाळेत होती. मग ताईनं आयटीमधली नोकरी सोडली आणि घरीच शिकवायचं ठरवलं. आमच्या खानदानात त्या दिवाळीला फराळापेक्षा या विषयावर जास्त तोंडं चालली. ताई ठाम राहिली. दर मे महिन्यात मात्र ती मुलांना घेऊन माहेरी येते. रात्रभर ट्रेननं वर्धा, तिथून एसटीनं वणी, पुढे अर्ध्या तासावर मारेगाव. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं, कापसाच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींचा मे आठवा. आठवड्याचं स्विमिंग, दहा दिवसांचं रोबोटिक्स, मग व्यक्तिमत्त्व विकास. ऑफिसच्या लंच टेबलवर समर कॅम्पच्या फीची तुलना चालते आणि ज्यांना मुलं नाहीत ते आमच्यासारखे निमूटपणे डबा खातात. मला वाटायचं, होमस्कूलवाले या शर्यतीच्या बाहेर असतील. चूक! ताई म्हणते, पुण्यात तिचीही अवस्था तीच होते. सोमवारी तबला, बुधवारी कोडिंग, शनिवारी इतर होमस्कूल कुटुंबांबरोबर टेकडी. “शाळेत घातलं नाही, मग काय केलं, हे रोज कुणाला तरी दाखवावं लागतं ना,” ती म्हणाली. “आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा मीच असते.”

चार्ट चार दिवस टिकला

पहिल्या उन्हाळ्यात ती इथेही रंगीत चार्ट घेऊन आली होती. सकाळी नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा इंग्रजी, अकरा ते बारा प्रयोग. चौथ्या दिवशी चार्टचा सेलोटेप उन्हानं सुटला आणि कागद कूलरच्या हवेनं उडून न्हाणीघरात गेला. मामीनं तो वाळवला, त्यावर कुरड्या घातल्या. ताईनं दुसरा केला नाही.

आता जे वेळापत्रक आहे ते सूर्यानं ठरवलेलं. पहाटे पाचला, उजाडायच्या आत, सगळे आपोआप उठतात, कारण गच्चीवर झोपलेल्याला सूर्य सोडत नाही. मग मामांबरोबर शेतावर. धुऱ्यावरच्या टेंभुर्णीखाली पडलेली फळं वेचायची, विहिरीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे ते बघायचं. ही पायरी धाकटा रोज वहीत लिहितो. साडेसात-आठला परत. आंघोळ, न्याहारी आणि मग एक तास, फक्त एक, ‘आईचा’. त्यात गणित आणि मराठी वाचन. दहानंतर दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, घरात काळोख. बारा ते चार कुणी कुणाशी बोलायचं नाही, म्हणजे झोपा, वाचा, चित्रं काढा, छताकडे बघा, पण दुसऱ्याला त्रास नाही. मोबाइल त्या वेळात मामीच्या कपाटात. पाचला अंगणात पाणी शिंपडलं की दिवस पुन्हा सुरू होतो आणि तो रात्री चांदण्यांपर्यंत चालतो.

“बोअर होतंय” हे वाक्य दुपारी दीडच्या सुमारास हमखास येतं. ताई उत्तर देत नाही. मला पहिल्या दिवशी राहवेना, मी कोडं वगैरे घालायला लागले तर तिनं डोळ्यांनीच दटावलं. वीस मिनिटं धुसफूस चालली. मग धाकट्यानं कूलरची बाजूची ताटी थोडी वर उचलून आतला पाण्याचा पंप बघितला. पाणी वर कसं चढतं, ताटी ओली असली की हवा गार का लागते, पाणी संपलं की तोच पंखा गरम का फेकतो... संध्याकाळपर्यंत त्यानं ओला रुमाल, कोरडा रुमाल आणि मामीच्या माठावर मिळून चार प्रयोग केले होते. त्याला ‘बाष्पीभवन’ हा शब्द रात्री मिळाला. आपल्याला तो चौथीत का पाचवीत मिळाला होता आणि कूलर नंतर!

हे सगळं वाचून ‘किती गोड’ वाटत असेल तर सांगते, रोज असं होत नाही. माझ्या आठ दिवसांत तीन दुपारी काहीच झालं नाही. एका दुपारी दोघांनी मारामारी केली आणि एका दुपारी थोरलीनं सलग चार तास एकच रहस्यकथा तिसऱ्यांदा वाचली.

पुण्याची सावली, मारेगावची सावली

मला खरं पटलं ते २० मेच्या दुपारी. नियम मोडून बारा वाजता आम्ही पाचही जण गच्चीवर. चप्पल घालूनही तळवे भाजत होते. मध्ये पांढरा कागद, त्यावर मामीचा तांदळाचा उभट स्टीलचा डबा. थोरलीच्या हातात घड्याळ. डब्याची सावली आखडत आखडत बुडाशी आली आणि बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी दिसेनाशी झाली. शून्य सावली!

हे कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा होतं, सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की. गंमत अशी की या मुलांनी हाच प्रकार आठवडाभर आधी पुण्यातही केला होता. तिथे १३ मेला, तोही साडेबाराच्या सुमारास. एकाच महिन्यात दोन शून्य सावल्या. कारण सूर्य या दिवसांत रोज थोडा उत्तरेला सरकतो. पुणे साडेअठरा अंशांवर, मारेगाव वीसच्या जरा वर. सूर्य सरकतोय त्याच दिशेनं ट्रेनमध्ये बसलात तर तो तुम्हाला पुढच्या गावी पुन्हा गाठतो.

इथवर मलाही कळलं. पुढचं थोरलीनं केलं. अक्षांशात दीड अंशाचा फरक, एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे आपण उत्तरेला साधारण १७० किलोमीटर आलो. “मग रात्रभर ट्रेन कुठे चालली होती?” धाकट्याचा रास्त प्रश्न. पूर्वेला! आणि पूर्वेला किती, ते घड्याळ सांगतं. इथे सावली पुण्याच्या वीस मिनिटं आधी गेली. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे पाच अंश. आपल्या या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. पाच गुणिले १०५, सव्वापाचशे. आता काटकोन त्रिकोण. एक बाजू १७०, दुसरी ५२५, कर्ण काढा. तिनं पाटीवर वर्गमूळ काढलं, साडेपाचशे. पुणे ते मारेगाव, सरळ रेषेत, तांदळाच्या डब्यानं मोजलेलं.

मी मोबाइलवर ताडून पाहिलं. फार फरक नव्हता. पण थोरली खूश नव्हती. सावली नेमक्या कुठल्या मिनिटाला गेली हे दोन्हीकडे डोळ्यांनी ठरवलं होतं आणि एक मिनिट चुकलं की सव्वीस किलोमीटर चुकतात, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. “म्हणजे उत्तर बरोबर आलं ते थोडं नशिबानं,” ती म्हणाली. मास कॉमला दोन वर्षं आम्हाला ‘आकडा छापण्यापूर्वी तो कसा मोजला ते विचारा’ असं शिकवत होते. हिला ते गच्चीवर समजलं.

मामांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी. पुढच्या खोलीत भाव वाढेल या आशेनं ठेवलेला पाच-सहा क्विंटल कापूस आहे. मुलं त्यावर उड्या मारतात, मग अंग खाजवत बसतात. मामांनी विचारलं, “सांगा, यातून गाठी किती होतील?” एक क्विंटल कापसातून जिनिंगला साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. एक गाठ १७० किलोची. म्हणजे पाच क्विंटलला एक गाठ. अख्ख्या खोलीची एकच गाठ, हे ऐकून धाकट्याचा चेहरा पडला. मग त्याचा टी-शर्ट मामीच्या तराजूवर गेला. १२० ग्रॅम. एका बोंडात चार-साडेचार ग्रॅम कापूस धरला तर त्याच्या टी-शर्टला ऐंशीएक बोंडं लागली. “आन् ऐंशी बार वाकलं कोनीतरी,” मामा म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

“माह्याच घरात दोन!”

आता मामांविषयी सांगायलाच हवं, कारण या घरातला खरा पेच तिथे आहे. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. छत्तीस वर्षं. नोकरीचा मोठा भाग पोडांवर गेला. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कोलामी ही द्राविडी भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीत आलेल्या मुलाला गुरुजींचं बोलणं म्हणजे परदेशी सिनेमा. मामा आधी त्यांची भाषा शिकले, मग त्यांना मराठी शिकवली. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामे व्हायचे तेव्हा ते शेतात जाऊन मुलं गोळा करायचे.

४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मामा त्या दिवशी घरोघर फिरले. बसस्टँड, वीटभट्ट्या, पालं. सहा ते चौदा वयाचं, ज्याचं नाव कुठल्याही शाळेच्या पटावर नाही, ते मूल शाळाबाह्य.

“आता मले सांग पोरी,” एका संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडता शिंपडता ते म्हणाले, “हे सर्वेक्षन उद्या पुन्हा झालं, अन् गुरुजी माह्या दारात आला, तर म्या काय सांगू? अख्खी जिंदगी लोकायच्या पोरायचे नाव पटावर लिवले. अन् माह्याच घरात दोन शाळाबाह्य पोट्टे!”

ते हसत होते. पण बादली ठेवल्यावर बराच वेळ बोलले नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर तोही मामांसारखाच अवघडलेला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १० सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. ते न केल्यास पालकाला शिक्षा काय, हे मात्र त्यात नाही. होमस्कूलिंग हा शब्दही नाही. त्यामुळे ताईसारखे पालक ना धड आत, ना धड बाहेर. परीक्षेची वाट मात्र मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला थेट बसता येतं.

लोक मग मालविका जोशीचं उदाहरण देतात. मुंबईची ही मुलगी दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत पोचली, इन्फर्मेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या जोरावर. ताईला हे उदाहरण ऐकलं की वैताग येतो. “म्हणजे माझ्या पोरीनं पदक आणलं तर मी शहाणी, नाही आणलं तर वेडी?”

मला दोघांचंही पटतं आणि त्याची पंचाईत होते. मामांचा मुद्दा शाळा चांगली की वाईट हा नाहीच. ज्यांच्या घरी शिकवणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी पटावरचं नाव ही एकच दोरी आहे. ताईकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, नवऱ्याचा पगार आहे, पुस्तकांनी भरलेलं कपाट आहे. ती दोरी सोडून पोहू शकते. पण तिनंही फुकट सोडलेली नाही. तिच्या बॅचचे लोक आज कुठल्या पदावर आहेत हे ती मला न विचारता सांगते, म्हणजे तिच्या डोक्यात ते चालू असतं. ईएमआय भरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना एक पगार सोडणं जमेल? मला नाही जमणार.

एका रात्री मी मामांना विचारलं, मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनं काय करावं? त्यांनी कोसबाडचं नाव घेतलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, म्हणून बाई त्यांच्या मागे कुरणात गेल्या. तिचं नावच ‘कुरणशाळा’. गुरं चरतायत आणि झाडाखाली वर्ग चाललाय. आणि कामातून शिकवायची गांधीजींची नई तालीम तर शेजारच्याच वर्धा जिल्ह्यातली, १९३७ च्या परिषदेतून निघालेली. “तुही ताई काही नवीन नाही करून राहिली,” मामा म्हणाले. “फक्त अनुताई दुसऱ्याच्या पोरायसाठी करत होत्या.”

खाटेवर पाठ करून झोपलेली ताई झोपली नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तीन मार्काला किती ओळी?

शेजारच्या घरात एक मुलगी आहे, यंदा नववीत जाणारी. संध्याकाळी ती आणि थोरली अंगणात बसतात. सावलीची गोष्ट ऐकून ती चाट पडली. मग तिनं आपली विज्ञानाची सराव प्रश्नपत्रिका काढली आणि सहज म्हणाली, हा प्रश्न सोड. तीन गुणांचा होता, ऋतू कसे होतात ते आकृतीसह स्पष्ट करा. थोरलीला ते येत होतं, नुसतं येत नव्हतं, तिनं ते मोजलं होतं. पण तिनं दीड पान लिहिलं, पंचवीस मिनिटं घेतली आणि आकृतीला नावं दिली नाहीत. शेजारणीनं तिच्या बाईंच्या थाटात लाल पेननं तीनपैकी एक दिला.

“तीन मार्काला किती ओळी लिहायच्या असतात?” थोरलीनं विचारलं. ती मुलगी हसली. मुद्दाम नाही, पण हसली.

त्या रात्री थोरली जेवली नाही. ताईनं समजूत घालायला सुरुवात केली की मार्क म्हणजे सगळं नसतं वगैरे. थोरलीनं तिला मध्येच तोडलं. “आई, तुला मिळाले होते ना मार्क? मग तुला म्हणायला सोपंय.” पुढच्या वर्षी ती चौदाची होईल. तिला दहावीला बसायचंय. आणि एकदा, वर्षभर तरी, वर्गात बसून बघायचंय. हे ती दिवाळीपासून मनात घेऊन फिरत होती, असं कळलं.

ताई दुसऱ्या दिवशी अबोल होती. दुपारच्या काळोखात ती माझ्या शेजारी कुजबुजली, “मी हिला ‘तुला हवं ते शिक’ असं सांगत वाढवलं. आता तिला शाळा हवीय. नाही कसं म्हणू?” मग म्हणाली, “आणि हो म्हटलं तर इतकी वर्षं मी काय केलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कूलरचा आवाज होता म्हणून शांतता जाणवली नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा उघडतात. २०२४ मध्ये बाकी राज्यात १५ जूनला घंटा वाजली, इथे १ जुलैला. पुण्यात मात्र इतका वेळ नाही. निर्णय मारेगावातच व्हायचा होता आणि तो मी असेपर्यंत झाला नाही. जे झालं ते एवढंच, की तिसऱ्या दिवशी पहाटे शेतावरून आल्यावर थोरली पाटी-वही घेऊन मामांसमोर बसली. उत्तर कसं लिहायचं ते शिकवा, म्हणाली. मुद्दे, आकृती, वेळ. मामांनी आधी ताईकडे पाहिलं. ताई सरगुंड्यांचं पीठ काडीभोवती गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही, पण “बाबा, तिचा वेग बघा जरा,” म्हणाली.

मग शेजारची मुलगी आली, तिच्यामागे तिचा भाऊ, त्याच्यामागे आणखी दोघं. चौथ्या दिवशी ओसरीवर पाच मुलं. पाठ्यपुस्तकातला एक प्रश्न आणि मग त्याच प्रश्नाचं काहीतरी अंगणात जाऊन बघायचं, अशी तडजोड आजोबा-नातीनं परस्पर केली होती. साडेनऊला ऊन ओसरीच्या पायरीला लागलं की वर्ग बंद.

मी निघाले त्या सकाळी वणीची एसटी सहाची होती. बॅग उचलून खाली आले तर मामा पांढरा शर्ट घालून ओसरीवर बसलेले, समोर जुन्या रजिस्टरची उरलेली कोरी पानं. त्यांनी खरंच हजेरी घ्यायला सुरुवात केली होती. शेजारच्या मुलांची नावं झाली, थोरलीचं झालं, ती “हजर” म्हणाली. मग धाकट्याचं नाव घेतलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा घेतलं, जरा मोठ्यानं.

वर गच्चीवरून, चादरीच्या आतून आवाज आला, “आबाजी, मी सुट्टीवर आहे!”